गुरूवरचे वारे कोण पोसतं?

गच्चीवाला (धागाकर्ता)

तीस वर्षं पंपांच्या कारखान्यात काढली. पाइपातून पाणी जोरात सोडलं की आत भोवरे उठतात. मोठ्याचे लहान होतात, लहानाचे आणखी लहान, आणि शेवटी सगळं पाण्याच्या गरमीत जिरतं. तेवढी वीज पाण्यात गेली म्हणायची. मी जन्मभर हेच शिकलो आणि नव्या पोरांनाही हेच शिकवलं: प्रवाह कमावतो, भोवरा खातो.

निवृत्तीनंतर आता गच्चीवर आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण लावून बसतो. गेल्या महिन्यात शेजारची आठवीतली मुलगी गुरू बघायला आली. तिने विचारलं, "आजोबा, हे पट्टे पुसले कसे जात नाहीत?" मी ऐटीत सांगितलं की एक वारा पूर्वेकडे, त्याच्या शेजारचा पश्चिमेकडे, असे आलटून पालटून वाहतात आणि ढगांना पट्ट्यांत धरून ठेवतात. ती म्हणाली, "मग ते वारे थांबत का नाहीत?"

मी दुर्बीण नीट लावायचं नाटक केलं.

नंतर तीन आठवडे वाचत बसलो. जे हाती लागलं त्याने माझी पंपविद्या उलटी झाली, म्हणून हा धागा.

गुरू सूर्यापासून आपल्या ५.२ पट लांब आहे. म्हणजे तिथे पोचणारं ऊन आपल्या सत्ताविसाव्या हिश्शाएवढं. असं असून उत्तर गोलार्धात २४ अंशांच्या आसपास वाऱ्याचा जो झोत आहे तो सेकंदाला १७० मीटर, म्हणजे ताशी सहाशे किलोमीटरच्या घरात वाहतो. कधीतरी झोड उठून असा वाहतो असंही नाही. १९७९ मध्ये दोन्ही व्हॉयेजर यानांनी मोजलेले वेग आणि पुढे हबल दुर्बिणीने मोजलेले वेग शेजारी ठेवले तर बहुतेक झोत जागचे हललेले नाहीत. आपल्याकडे चार दिवस एका दिशेने वारा टिकला तर त्याची बातमी होते.

व्हॉयेजरच्या फोटोंवर रेटा बीबी, अँड्र्यू इंगरसॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चिकाटीचं काम केलं. गुरूचा दिवस दहा तासांहून किंचित कमी. एका फेरीच्या अंतराने घेतलेले दोन फोटो घ्यायचे, ढगांचे हजारो ठिपके ओळखायचे आणि प्रत्येक ठिपका पूर्व-पश्चिम किती सरकला, उत्तर-दक्षिण किती सरकला ते मोजायचं. सरासरी वारा वजा केला की उरतात भोवऱ्यांच्या हालचाली. आता पाइपासारखं असतं तर भोवरे झोताचा वेग काढून शेजारच्या संथ भागाला वाटताना दिसायला हवे होते. दिसलं उलटं. भोवरे संथ भागातून वेग उचलून वेगवान झोतात नेऊन टाकत होते!

१९८१ मध्ये त्यांनी आकडा मांडला. गुरू जेवढी उष्णता अवकाशात सोडतो तिच्या १० टक्क्यांहून जास्त एवढी शक्ती भोवऱ्यांकडून झोतांकडे जाते. पृथ्वीवर हाच आकडा ०.१ टक्का. या हिशेबाने झोतांची सगळी गतिज ऊर्जा भोवरे काही महिन्यांत नव्याने भरू शकतात.

माझा प्रश्न असा: पंपवाल्याला हे पचेल अशा भाषेत कोणी समजावेल का?

जुना_खांब

म्हणजे गुरूवर भिशी चालते. सगळे लहान लहान हप्ते भरतात आणि नंबर दर महिन्याला त्याच एका माणसाचा लागतो.

शून्यप्रहर

काका, भारी धागा. पण ही उलटी गंगा झाली. ऊर्जा आपोआप विखुरतच जाते असं सांगणारा उष्णतागतिकीचा दुसरा नियम गुरूवर सुट्टीवर आहे का?

आभाळवेडी

पुण्यात हवामानाच्या आकड्यांमध्येच माझा दिवस जातो, म्हणून थोडं लांबलचक लिहिते.

आधी दुसरा नियम. तो मोडत नाही. भोवरे ऊर्जा निर्माण करत नाहीत, ते उष्णतेतून ती मिळवतात आणि झोताला देतात. शेवटी सगळं अवकाशात उष्णता म्हणूनच जातं. मधल्या वाटेवर ऊर्जा किती ठिकाणी मुक्काम करते आणि कोणत्या क्रमाने, एवढाच प्रश्न आहे.

दुसरं म्हणजे काका, ही फक्त गुरूची खोड नाही. पृथ्वीच्या मध्य अक्षांशांवर जे पश्चिमी वारे वाहतात तेही भोवऱ्यांच्या जिवावरच टिकतात. हॅरोल्ड जेफ्रीज यांनी १९२६ मध्येच सांगितलं होतं की त्या वादळी चक्रांशिवाय हे वारे टिकणार नाहीत. पुढे एमआयटीचे व्हिक्टर स्टार यांनी आकडे गोळा करून ते दाखवलं आणि त्याला नाव दिलं 'ऋण व्हिस्कॉसिटी'. व्हिस्कॉसिटी म्हणजे द्रवाचा चिकटपणा, जो वेगातले फरक मिटवतो. ऋण म्हटल्यावर फरक वाढवणारा. पंपाच्या कारखान्यात हा शब्द उच्चारला असता तर तुम्हाला घरी पाठवलं असतं.

आता पाळण्याचं उदाहरण. बागेत तो गोल फिरणारा पाळणा असतो ना, मुलं धावत येऊन चढतात आणि उतरतात तो. चढणारं प्रत्येक मूल पाळण्यापेक्षा जोरात धावत आलं, आणि उतरणारं प्रत्येक मूल उतरताना थोडं मागे राहून, पाळण्याचा वेग न घेता उतरलं, तर पाळण्याला दर वेळी हलका धक्का मिळतो. मुलं तेवढीच आली आणि तेवढीच गेली, पण वेग जमा होत राहिला. गुरूवरचे भोवरे गोल गरगरीत नसतात, झोताच्या कडांना ते तिरके ताणले जातात. त्या तिरकेपणामुळे झोताकडे येणारी हवा पूर्वेकडचा जास्तीचा वेग घेऊन येते आणि बाहेर जाणारी हवा कमी वेग घेऊन जाते. व्हॉयेजरच्या ठिपक्यांमध्ये जे मोजलं गेलं ते नेमकं हेच.

मग पाइपात असं का होत नाही? पाइपातला भोवरा तिन्ही दिशांना मोकळा असतो. तो ताणला जातो, पिळतो, तुटतो. गुरूचं ढगांचं आवरण ग्रहाच्या मानाने कागदासारखं पातळ आहे आणि ग्रह प्रचंड वेगाने फिरतो, त्यामुळे मोठ्या हालचाली जवळपास सपाटीतच होतात. सपाटीतल्या भोवऱ्यांना तुटता येत नाही, ते एकमेकांत मिसळतात. रॉबर्ट क्रेकनन यांनी १९६७ मध्ये गणिताने दाखवलं की अशा द्विमित प्रवाहात ऊर्जा लहानाकडून मोठ्याकडे चढते. आणि १९७५ मध्ये पीटर ऱ्हाइन्स यांनी पुढचा दुवा जोडला: फिरत्या गोलावर भोवरे मोठे होत गेले की उत्तर-दक्षिण वाढ एका मापाला अडते, कारण ग्रहाच्या फिरण्यामुळे वाऱ्याला वळवणारा कोरिऑलिसचा जोर अक्षांशानुसार बदलतो. पूर्व-पश्चिम मात्र अडवणारं कोणी नसतं. मग भोवरे लांबट होतात आणि त्यांचे पट्टे बनतात. तुमच्या शेजारणीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

गच्चीवाला

ताई, पाळण्याचं उदाहरण डोक्यात बसलं. उद्या संध्याकाळी तेच वापरतो.

दुर्बीण_नाना

मिसळण्याचा मुद्दा डोळ्यांनी बघितलेल्या पिढीतला मी. दक्षिणेला तीन पांढरे अंडाकार डाग होते, १९३९ च्या सुमारास तयार झालेले. जवळजवळ साठ वर्षं तिघे वेगवेगळे फिरत होते. १९९८ मध्ये त्यांतले दोन एकत्र झाले, २००० मध्ये तिसरा त्यात विरघळला. उरला एकच, त्याला 'ओव्हल बीए' म्हणतात. पुढे तो तांबूस झाला, ते २००६ मध्ये पहिल्यांदा टिपलं फिलिपिन्सच्या ख्रिस्तोफर गो या हौशी निरीक्षकाने. हौशी! म्हणून गच्चीवाल्यांनो, दुर्बीण झाकून ठेवू नका.

शून्यप्रहर

पाळणा आवडला, पण मला दोन ठिकाणी शंका आहे.

एक. ठिपके माणसांनी निवडले. डोळ्याला ठळक दिसणारे ठिपकेच निवडले जाणार, आणि ठळक ठिपके जर ठरावीक प्रकारच्या भोवऱ्यांतच असतील तर उत्तर आधीच ठरल्यासारखं आहे.

दोन. गुरूवरचा तो मोठा भोवरा, तांबडा डाग, दोन उलट्या वाऱ्यांच्या मध्ये बसलाय, दोन पट्ट्यांमधल्या बॉल बेअरिंगसारखा. म्हणजे वारेच त्याला फिरवतायत. मग कोण कोणाला पोसतंय?

आभाळवेडी

पहिली शंका तू एकट्याने काढलेली नाहीस. १९८२ मध्ये लॉरेन्स स्रोमोव्स्की आणि सहकाऱ्यांनी नेमका हाच आक्षेप छापला होता: ठिपके निवडण्याच्या पद्धतीमुळे आकडा फुगलेला असू शकतो. वीस वर्षं तो आक्षेप तसाच लटकत राहिला. डिसेंबर २००० मध्ये कॅसिनी यान शनीकडे जाताना गुरूजवळून गेलं. त्याच्या फोटोंवर ठिपके निवडायचं काम माणसाकडे न देता संगणकाकडे दिलं. २००६ मध्ये आलेल्या त्या निकालात आकडा आधीपेक्षा कमी होता, गुरूच्या उष्णतेच्या काही टक्के. पण दिशा तीच, भोवऱ्याकडून झोताकडे. पुढच्या वर्षी शनीवरही तसंच दिसलं.

काकांसाठी गोड बातमी २०१७ ची आहे. ऑक्सफर्डच्या रोलँड यंग आणि पीटर रीड यांनी कॅसिनीच्याच वाऱ्यांतून वेगवेगळ्या मापांवर ऊर्जा कुठे चाललीय ते काढलं. साधारण दोन हजार किलोमीटरपेक्षा मोठ्या मापावर ऊर्जा वर चढते, मोठ्यांकडे. त्याहून लहान मापावर ती खाली उतरते, आणखी लहानांकडे. म्हणजे काका, तुमचा पाइप गुरूवर आहे, फक्त तळमजल्यावर.

दुसरी शंका अर्धी बरोबर आहे. वाऱ्यांमधला फरक फार तीव्र झाला की झोत अस्थिर होतो, वळवळतो आणि स्वतः भोवरे सोडतो. तेव्हा ऊर्जा वाऱ्याकडून भोवऱ्याकडे जाते. तांबड्या डागाच्या दोन्ही बाजूंचे वारेही त्याच्या फिरण्याच्या दिशेला धरूनच आहेत. त्यामुळे वादळं देतात आणि वारे घेतात असं एका वाक्यात लिहिणं मला आवडत नाही. देवघेव दोन्हीकडून चालते, महिन्याअखेर शिल्लक झोताच्या खात्यात दिसते.

जुना_खांब

बघा, भिशीच.

टोरांटोकर

इथे महिनाभर आकाशच दिसलेलं नाही, म्हणून धागा वाचून भागवतोय. पण भोवऱ्यांकडे ही ऊर्जा येते कुठून? ऊन तर सत्ताविसावा हिस्सा म्हणालात.

गच्चीवाला

यावर मी बराच वेळ घालवला, म्हणून मीच लिहितो. चुकलं तर ताई आहेतच.

गुरू उन्हातून जेवढी उष्णता घेतो त्याच्या दुप्पट बाहेर सोडतो. कॅसिनीच्या मोजणीनुसार दर चौरस मीटरला सुमारे १४ वॅट बाहेर पडतात आणि त्यातले साडेसातच्या आसपास ग्रहाच्या पोटातून येतात. साडेचार अब्ज वर्षांपूर्वी तयार होताना साठलेली धग अजून निवतेय. ही उष्णता वर यायला वाट शोधते आणि ती वाट म्हणजे गडगडाटी वादळं.

वरचे पांढरे ढग अमोनियाचे. खाली, काही बार दाबाच्या पातळीला (एक बार म्हणजे साधारण आपल्या जमिनीवरचा हवेचा दाब) पाण्याचे ढग आहेत. ती दमट हवा वर चढली की वाफेचं पाणी होतं, सुप्त उष्णता सुटते आणि तो खांब पन्नास किलोमीटर उंचीपर्यंत उसळतो. गॅलिलिओ यानाने तांबड्या डागाच्या वायव्येला अशी वादळं दिवसा टिपली आणि रात्रीच्या बाजूला त्याच जातीच्या ढगांत विजा चमकताना पाहिल्या. पीटर गिराश, इंगरसॉल वगैरे मंडळींनी २००० मध्ये त्यावर लिहिलं. या वादळांमधून वर येणारी उष्णता गुरूच्या पोटातून येणाऱ्या उष्णतेच्या तोडीची आहे. वादळ चार-दोन दिवसांत वाऱ्याच्या ताणाने फाटतं, त्याचे तुकडे मोठ्या भोवऱ्यांत आणि झोतांत ओढले जातात. विजा जास्त करून काळपट पट्ट्यांत दिसतात, हेही जुळतं.

म्हणजे साखळी अशी लागते: पोटातली धग, पाण्याची वाफ, गडगडाटी वादळ, भोवरा, झोत.

आता एक गंमत, जी वाचून मी खुर्चीतून उठलो. आपल्याकडे दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, कारण हवेचा सरासरी रेणू वजनाने २९ चा आणि पाण्याचा १८ चा. गुरूची हवा म्हणजे हायड्रोजन, २ चा, आणि थोडा हेलियम, ४ चा. तिथे १८ चं पाणी म्हणजे दगड! दमट हवा जड होऊन खालीच बसते, सहजासहजी वर चढतच नाही. वरून झाकण लावल्यासारखं होतं. खाली उष्णता कोंडत राहते आणि मग एक दिवस कुकरची शिटी.

आभाळवेडी

बरोबर आहे, फक्त एक टीप जोडते. कुकरची शिटी गुरूपेक्षा शनीला जास्त लागू पडते. शनीवर साधारण वीस-तीस वर्षांनी एकदा महाकाय पांढरं वादळ उठतं: १८७६, १९०३, १९३३, १९६०, १९९० आणि मग २०१०. चेंग ली आणि इंगरसॉल यांनी २०१५ मध्ये दाखवलं की एकदा वादळ झालं की वरची हवा गरम आणि हलकी होऊन झाकणासारखी बसते, आणि ती निवायला दशकं लागतात. तोपर्यंत खालचं पाणी कोंडलेलंच.

२०१० च्या वेळी कॅसिनी शनीभोवतीच होतं. डिसेंबरमध्ये वादळ उठलं आणि दोनेक महिन्यांत त्याची शेपूट ग्रहाला पूर्ण वळसा घालून डोक्यापर्यंत आली. पुढे २०११ च्या जूनमध्ये वादळाचं डोकं त्यानेच मागे सोडलेल्या प्रत्यावर्ताला (जास्त दाबाच्या भोवऱ्याला) जाऊन धडकलं आणि तिथून ते विझत गेलं.

दुर्बीण_नाना

१९३३ चं ते शनीवरचं वादळ पहिल्यांदा दिसलं विल हे यांना. हे गृहस्थ इंग्लंडमधले विनोदी नट. दिवसा लोकांना हसवायचे, रात्री सहा इंची दुर्बीण.

पोहे_विथ_शेव

नाना, म्हणजे आपल्या खांबालाही आशा आहे.

जुना_खांब

मला दुर्बिणीतून फक्त समोरच्या बिल्डिंगची टाकी दिसते. ती वाहतेय, हे सांगितल्याबद्दल सोसायटीने आभार मानलेत.

दुर्बीण_नाना

विषयावर येतो. २०१० मध्ये वांगणीला गेलो होतो. गुरूकडे बघितलं तर दक्षिणेचा जाड पट्टाच गायब. आधी वाटलं भिंग दवाने धुरकटलं. सोबतच्या पोरांच्या दुर्बिणीतही तेच. वारे जागच्या जागी होते, पांढऱ्या ढगांनी पट्टा झाकला होता. नोव्हेंबरमध्ये एका ठिकाणी वादळ फुटलं आणि काही महिन्यांत पट्टा परत आला.

त्याहून मोठी गोष्ट २००७ ची. गच्चीवाल्यांनी ज्या २४ अंशांच्या झोताचं लिहिलंय त्याच्यातच मार्चमध्ये दोन प्रचंड खांब फुटले. झोताच्या अगदी मध्यावर, सेकंदाला १६९ मीटर वेगाने धावत होते. आगुस्तिन सांचेझ-लावेगा यांच्या गटाने पुढच्या वर्षी त्यावर लिहिलं. एवढा धिंगाणा होऊन झोताचा वेग होता तसाच. मला आजही कळत नाही: वादळं झोताला पोसत असतील तर एवढं मोठं जेवण झाल्यावर पोट थोडं तरी सुटायला नको?

शून्यप्रहर

नाना, हा खरा प्रश्न आहे.

टोरांटोकर

कारण पोट फार खोल असेल. सांचेझ-लावेगा यांचा निष्कर्षही तोच होता, झोत ऊन पोचतं त्याच्या बराच खाली उतरलेला असावा.

गॅलिलिओ यानाने सोडलेली उपकरणांची एक कुपी ७ डिसेंबर १९९५ ला थेट गुरूच्या हवेत शिरली होती. तासाभरापेक्षा थोडा कमी वेळ ती बोलत राहिली. अपेक्षा होती की ढगांच्या खाली वारा मंदावेल. वारा आधी वाढला आणि मग २० बार दाबापर्यंत तसाच राहिला. एकाच ठिकाणची मोजणी, तेही नेमकी ढगांमधल्या कोरड्या भोकात पडलेली कुपी, म्हणून लोक जपून बोलत होते. मग गुरूभोवती फिरणारं जुनो यान आलं. २०१८ मध्ये योहाय कास्पी आणि सहकाऱ्यांनी गुरुत्वाकर्षणातल्या बारीक फरकांवरून काढलं की झोत सुमारे ३००० किलोमीटर खोल जातात. त्या थरात ग्रहाच्या एकूण वस्तुमानाचा शंभरावा भाग येतो. पृथ्वीचं सगळं वातावरण पृथ्वीच्या दशलक्षाव्या भागाएवढंही नाही.

आता १९८१ चा हिशेब पुन्हा बघा. तो ढगांच्या जवळच्या अडीच बार जाडीच्या थरासाठी होता. 'काही महिन्यांत भरून निघेल' हे फक्त त्या सायीपुरतं. खाली अख्खं पातेलं आहे.

गच्चीवाला

मग माझी साखळी मोडली का? वरच्या वादळांनी ३००० किलोमीटरचं पातेलं कसं ढवळायचं?

आभाळवेडी

मोडली नाही, पण तिची एक कडी ढिली आहे हे मान्य. यावर दोन घराणी आहेत. एक म्हणतं, सगळं वरच्या हवामानाच्या थरात घडतं, १९७८ मध्ये गॅरेथ विल्यम्स यांनी पृथ्वीचं मॉडेल गुरूला लावून पट्टे काढून दाखवले तेव्हापासूनचं हे घराणं. दुसरं फ्रीड्रिख बुसे यांचं, १९७६ पासूनचं. ते म्हणतं, पोटातली उष्णता ग्रहाच्या आसाला समांतर असे उभे खांब फिरवते आणि त्या खांबांचं वरचं टोक म्हणजे आपल्याला दिसणारे पट्टे.

जुनोच्या ३००० किलोमीटरनंतर दुसरं घराणं जिंकलं असं बऱ्याच जणांना वाटलं. पण जिथे ढकललं तिथेच हललं पाहिजे असं नसतं. २००६ मध्येच ॲडम शोमन, गिराश आणि युआन लियान यांनी दाखवलं होतं की वरच्या उथळ थरात धक्के दिले तरी वारा खोलवर उभा राहू शकतो. वेगाने फिरणाऱ्या द्रवात वरची हालचाल खाली उतरते. त्यामुळे वारा खोल असणं आणि त्याला खोलातून ऊर्जा मिळणं हे दोन वेगळे मुद्दे आहेत. वर्तमानपत्रं ते एक करून टाकतात.

नानांच्या प्रश्नाचं माझ्या परीने उत्तर: एका २००७ ने पोट सुटत नाही, कारण पोट हजारो किलोमीटर खोल आहे. रोजची भाकरी चालू असते, मेजवानी त्यात दिसत नाही. पण ढगांच्या खालचे भोवरे अजून कोणी नीट मोजलेले नाहीत, म्हणून हे माझं मत समजा.

गच्चीवाला

काल मुलगी आली होती. पाळणा सांगितला. नीट ऐकलं आणि म्हणाली, "पण आजोबा, पाळणा धक्के थांबले की थांबतो, कारण खाली घासतो. गुरूवर घासायला खाली जमीन कुठे आहे?"

मी परत दुर्बीण नीट लावायला लागलो.

आभाळवेडी

तिला आमच्याकडे पाठवा.

पृथ्वीवर वारा डोंगर, झाडं, समुद्र यांना घासून ऊर्जा गमावतो. गुरूला जमीन नाही, म्हणून झोतांना फार कमी पुरवठ्यातही वर्षानुवर्षं टिकता येतं. पण घासणं कुठे नाहीच असंही नाही. खोल गेलं की दाबाने हायड्रोजन वीज वाहू लागतो. वीज वाहणारा द्रव चुंबकीय क्षेत्रातून सरकू लागला की त्याला ब्रेक लागतो. ही पातळी साधारण त्याच ३००० किलोमीटरच्या आसपास येते आणि झोतही तिथेच संपतात. तिची जमीन ती, लोखंडी नाही, चुंबकी. लहान भोवऱ्यांमधून खाली उतरून जिरणारा वाटा वेगळाच.

शून्यप्रहर

आठवी?! मी आठवीत असताना गुरूला किती चंद्र एवढंच पाठ करत होतो.

टोरांटोकर

ध्रुवांचं कोणी लिहिलं नाही. तिथे पट्टे नाहीत, नुसते आवर्त. जुनोने दाखवलं, उत्तर ध्रुवावर मध्ये एक आणि भोवती आठ, दक्षिणेला मध्ये एक आणि भोवती पाच. एकमेकांना खेटून आहेत तरी मिसळत नाहीत. २०२२ मध्ये लिया सीगलमन आणि सहकाऱ्यांनी जुनोच्या अवरक्त फोटोंवरून दाखवलं की शंभरेक किलोमीटर मापाची दमट वादळं तिथे ऊर्जा वर चढवतात आणि तीच या मोठ्या आवर्तांना पोसते. सीगलमन मूळच्या समुद्राच्या अभ्यासक. सागरी प्रवाहांमधल्या भोवऱ्यांचं गणित त्यांनी तिकडे लावलं.

पोहे_विथ_शेव

आणि तांबडा डाग? तो आटतोय म्हणतात. ऊर्जा वर चढत असेल तर तो मोठा व्हायला हवा.

दुर्बीण_नाना

आटतोय हे खरं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो एक्केचाळीस हजार किलोमीटर लांब मोजला होता. व्हॉयेजरच्या वेळी तेवीस हजार. २०१४ मध्ये हबलने साडेसोळा हजार मोजला. म्हणजे अजून एक पृथ्वी आरामात मावेल, पण पूर्वी तीन मावत होत्या.

आभाळवेडी

लहान होतोय, पण सुस्तावलेला नाही. हबलच्या मोजणीत २००९ ते २०२० या काळात त्याच्या कडेचा वारा उलट ८ टक्क्यांनी वाढला. आकार आणि जोर ही दोन वेगळी खाती आहेत.

२०१९ मध्ये लहान प्रत्यावर्तांची एक रांगच त्याला येऊन धडकली, त्याच्या कडेचे तांबडे कापटे उडताना जगभरच्या हौशी लोकांनी टिपले. तेव्हा "डाग मरतोय" अशा बातम्या आल्या होत्या. २०२४ मध्ये येल विद्यापीठाच्या गटाने संगणकावर उलटं करून पाहिलं: डागाला लहान वादळं खाऊ घातली तर तो मोठा आणि जोरकस राहतो, उपाशी ठेवला तर आक्रसतो. म्हणजे त्याच्या वाट्याला येणारी लहान वादळं कमी झाली असतील, असा अंदाज. मला हा पटण्यासारखा वाटतो, पण मॉडेल आहे, फोटो नव्हे.

जुना_खांब

भिशीत सभासद कमी झाले की नंबर लागणाऱ्याचीही पंचाईत.

गच्चीवाला

खांबसाहेब, तुमच्या भिशीने माझा अर्धा धागा समजावला, हे मान्य करावं लागेल.

पंपांच्या कारखान्यातल्या जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर हे सगळं टाकलं होतं. एकाने लिहिलं, "भोवऱ्याकडून प्रवाह घ्यायचा असेल तर पंप कशाला लागतो?" दुसऱ्याने लगेच विचारलं, असा पंप किती अश्वशक्तीचा येईल. चर्चा तिथेच संपली.

दुर्बीण_नाना

शनिवारी ढग नसले तर वांगणीला जातोय. गाडीत दोन जागा आहेत. त्या मुलीच्या आईवडिलांना विचारा, आणि शेवया नाही तर थालीपीठ काहीतरी घेऊन या, मागच्या वेळी नुसत्या बिस्किटांवर रात्र काढली.

गच्चीवाला

विचारलं. आई म्हणाली, परीक्षा सोमवारी आहे. मुलगी म्हणाली, डाग शनिवारीच दिसणार आहे. अजून वाद चालू आहे, कळवतो.